पूररेषेवरील आक्षेप

पूररेषा आंखल्यानें जमिनीचे भाव पडतात, असा आक्षेप कोल्हापूर-सांगलीकडे घेतला जातो. आम्ही विचारतों, भाव पाडिते ती रेषा कीं तें पाणी? २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं पंचगंगेनें व कृष्णेनें आपली हद्द स्वतःच दाखविली. नकाशाकारानें ती कागदावर उतरविली, एवढाच त्याचा अपराध! निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून सरासरीनें एकदां येणाऱ्या पुराची मर्यादा. लाल रेषा १०० वर्षांतून एकदां येणाऱ्याची. ‘शंभर वर्षें’ ऐकून निश्चिंत होणाऱ्यांनीं थोडें गणित करावें. ३० वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतींत लाल रेषेपर्यंत पाणी चढण्याचा संभव शेंकडा २६ आहे. निळ्या रेषेच्या आंत तो शेंकडा ७० च्याही वर जातो. शिवाय नदीकाठीं भराव घालणारा आपलें घर उंच करितो आणि पाणी शेजाऱ्याच्या उंबऱ्यावर लोटतो. तेव्हां हा प्रश्न खाजगी मालकीचा नव्हे, सार्वजनिक न्यायाचा आहे. ही रेषा सातबाऱ्यावर व बांधकामाच्या परवान्यावर नोंदली जावी, आणि खरेदीपूर्वी ती घेणाऱ्यास दाखविली जावी. विकणारा पैसे घेऊन मोकळा होतो. पुराचें पाणी घेणाऱ्याच्याच वांट्यास येतें.