प्रोबायोटिकच्या पुडीत नको ते जंतू शिरलेत का, हे तपासतात कसं?

ठाण्यात खोपटच्या एसटी डेपोजवळ असो की आणखी कुठे, मेडिकलवाल्याला ‘पोराला जुलाब होतायत’ सांगितलं की ओआरएससोबत प्रोबायोटिकची पुडी किंवा छोटी बाटली हातात पडते. अनेकदा चिठ्ठीशिवायच. तिच्यात कोट्यवधी जिवंत जंतू असतात आणि पैसे त्यांचेच मोजायचे असतात. तपासणीची अडचण इथेच सुरू होते.

साध्या औषधात जंतूंची एकूण संख्या मोजतात. जास्त निघाली, तर बॅच बाद. प्रोबायोटिकमध्ये मात्र संख्या जास्त येणारच. त्या गर्दीत शिरलेले शंभर-दोनशे परके शोधायचे कसे? त्यासाठी प्रयोगशाळेत लॅक्टोबॅसिलसला रोखणारं, पण ई. कोलाय, साल्मोनेला किंवा बुरशीला मानवणारं माध्यम वापरतात. वाढलेल्या ठिपक्यावर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकल्यावर फेस आला, तर तो बहुधा लॅक्टोबॅसिलस नव्हे. पण आपल्याकडे भरपूर खपणाऱ्या बॅसिलस क्लॉसायला मुळातच फेस येतो. तिथे ही युक्ती चालत नाही.

हे नीट झालं नाही तर काय होतं, ते 2014 मध्ये अमेरिकेत दिसलं. कनेक्टिकटमधल्या एका रुग्णालयात 29व्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाला आतड्याच्या आजारापासून वाचवण्यासाठी ‘एबीसी डोफिलस’ ही पावडर दिली गेली. बाळ दगावलं, आतड्याच्या म्युकरमायकोसिसने. पावडरच्या न उघडलेल्या बाटल्यांतही रायझोपस बुरशी सापडली आणि कंपनीने माल परत मागवला. 2021 मध्ये महाराष्ट्राने ‘काळी बुरशी’ म्हणून जी साथ पाहिली, तिच्यामागेही मुख्यतः रायझोपसच होती. ती पावडर औषध म्हणून नव्हे, तर पूरक आहार म्हणून विकली जात होती. त्यामुळे औषधाला लागते तशी मंजुरी तिला लागली नव्हती.

भारतातही प्रोबायोटिक औषधाच्या परवान्यावर मिळतं आणि अन्नाच्याही. पाकिटावर 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक असेल, तर ते अन्न. 2016च्या नियमांनुसार अशा उत्पादनात रोजच्या मात्रेमागे किमान 10 कोटी जिवंत जंतू हवेत. ही संख्या कंपन्या ठळक छापतात. नको असलेल्या जंतूंच्या तपासणीचा निकाल मात्र पाकिटावर नसतो.

महाराष्ट्रात अन्न आणि औषध दोन्ही एफडीएकडेच येतात. ठाण्याचं कार्यालय वागळे इस्टेटमध्ये, खोपटहून रिक्षाच्या अंतरावर आहे. अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम 40 नुसार ग्राहक स्वतः फी भरून नमुना तपासून घेऊ शकतो, आणि माल सदोष निघाला तर फी परत मिळते. एक अट मात्र अनेकांना ठाऊक नसते: तपासणीला देणार आहोत, हे दुकानदाराला खरेदी करतानाच सांगावं लागतं.