बाटलीतला सॉस आणावा की घरी करावा?

गेल्या काही आठवड्यांच्या टपालात एकच विषय तीन-चार वेळा आला, तेव्हा म्हटलं, आज तोच घ्यावा. एका मैत्रिणीनं लिहिलंय, "मुलांना आठवड्यातून एकदा तरी डब्यात पास्ता लागतो. मी नोकरी करते. दुकानातून तयार पास्ता सॉसची बाटली आणली, की सासूबाई म्हणतात, 'घरात एवढे टोमॅटो असताना पैसे मोजून रस्सा विकत आणायचा?' हे म्हणतात, 'आणू दे की, तिचा वेळ वाचतो.' दोघांच्या मध्ये मी उभी, हातात बाटली. खरं काय ते तुम्हीच सांगा."

खरं सांगू? सासूबाई पैशांचा हिशोब करताहेत आणि यजमान वेळेचा. दोन्ही हिशोब बरोबर आहेत. पण बाटलीत नेमकं असतं काय, हे कुणीच वाचलेलं दिसत नाही. तिथूनच सुरुवात करू या.

आधी एक घोटाळा दूर करते. पुष्कळ घरांतून पास्त्यावर सामोशाबरोबर खातो तोच टोमॅटो केचप ओततात. केचप ही तोंडी लावण्याची वस्तू. त्यात व्हिनेगर असतं आणि साखर भरपूर असते, एका मोठ्या चमच्यात चहाचा सुमारे एक चमचा. मुलाच्या वाटीभर पास्त्यात असे चार चमचे गेले, तर त्यानं बसल्या बसल्या चार चमचे साखर खाल्ली. वर आपण म्हणणार, आज डबा कसा चाटूनपुसून संपवला! तेव्हा बाटली आणायचीच असेल, तर निदान पास्ता सॉसची आणा. केचप पानात बाजूला वाढायला ठेवा.

इटलीतल्या बायका काय करतात?

पास्ता त्यांचा, तेव्हा आधी त्यांना विचारावं. टोमॅटो मूळचा त्यांचाही नव्हे, बरं का! तो अमेरिका खंडातला. युरोपात गेला सोळाव्या शतकात, आणि पास्त्याशी त्याची गाठ पडायला पुढं आणखी दोन-अडीचशे वर्षं जावी लागली. पण आता दक्षिण इटलीत ऑगस्ट महिना उजाडला, की कितीतरी घरांतून टोमॅटोच्या राशी पडतात. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे अंगणात जमतात, टोमॅटो शिजवून गाळतात, तो रस बाटल्यांत भरतात आणि त्या बाटल्या मोठ्या पिंपात पाण्यात उकळून वर्षाची बेगमी करतात. ह्या गाळलेल्या रसाला ते 'पासाता' म्हणतात. आपल्याकडं चैत्र-वैशाखात कुरडया, पापड, मसाले व्हायचे, तसाच हा प्रकार.

पण ह्याच इटलीत दुकानातून पासाताच्या बाटल्या आणि सोललेल्या टोमॅटोचे डबे सर्रास विकले जातात आणि चांगल्या सुगरणी ते बिनदिक्कत वापरतात. मार्सेला हझान ही इटलीत जन्मलेली आणि पुढं अमेरिकेत राहून लिहिणारी पाककलेची नामवंत लेखिका. तिचं पहिलं पुस्तक १९७३ साली आलं. तिचा सर्वांत गाजलेला सॉस म्हणजे टोमॅटो, लोणी, दोन भाग केलेला एक कांदा आणि मीठ, बस्स. मंद आचेवर पाऊण तास शिजवायचा आणि शेवटी कांदा काढून टाकायचा. ह्यासाठी डब्यातले टोमॅटो चालतील, असं तिनंच सांगून ठेवलंय. म्हणजे टोमॅटो विकतचा आणि फोडणी घरची, ही मधली वाट तिथल्या जाणत्या बाईलाही मान्य होती. ही वाट लक्षात ठेवा, शेवटी कामी येणार आहे.

बाटलीची पाठ वाचा

साडी घेताना आपण पदर उलगडून पाहतो ना? तशी बाटली फिरवून मागचा बारीक मजकूर वाचायचा. दुकानदार काही म्हणत नाही.

पहिली गोष्ट, घटकांची यादी. ज्याचं वजन सर्वांत जास्त, ते नाव पहिलं, अशा उतरत्या क्रमानं ती लिहिलेली असते. पहिलं नाव टोमॅटोचं असायला हवं. पाणी, साखर आणि स्टार्च वरच्या दोन-तीन नावांत असतील, तर तुम्ही टोमॅटोच्या भावानं दुसरंच काही विकत घेताय.

दुसरी गोष्ट, आकडे. आय.एन.एस. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, आंबटपणासाठी. ४१५ म्हणजे झँथन गम, सॉस दाट दिसावा म्हणून. २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट, टिकण्यासाठी. हे ठरावीक प्रमाणात घालायला कायद्यानं परवानगी आहे, त्यामुळं घाबरून जायचं कारण नाही. पण ज्या बाटलीवर असे आकडे कमी, तिच्यात टोमॅटोचं काम टोमॅटोच करतो, एवढं समजावं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, मीठ. ते 'सोडियम' ह्या नावाखाली मिलिग्रॅममध्ये लिहिलेलं असतं, म्हणून नजरेतून सुटतं. सोडियमला अडीचनं गुणलं, की मीठ निघतं. समजा, १०० ग्रॅममागं ४०० मिलिग्रॅम सोडियम लिहिलंय. म्हणजे झालं १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसानं दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, आणि लहान मुलांना त्याहूनही कमी. त्यातला पाचवा हिस्सा एका वाटी सॉसमध्येच गेला. लोणचं, पापड, चिवडा हे अजून बाकीच आहेत! घरात कुणाला रक्तदाब असेल, तर ही एक ओळ वाचल्याशिवाय बाटली पिशवीत टाकूच नका.

आता पैशांचं

एक किलो टोमॅटोत बहुतेक सगळं पाणीच, शंभरातले सुमारे ९४ भाग. ते आटवून दाट सॉस करायचा म्हटला, की किलोमागं साधारण अर्धा किलो हातात पडतो. टोमॅटो ३० रुपये किलो असेल, तर तेल, लसूण आणि गॅस धरून अर्धा किलो सॉस पन्नासेक रुपयांत बसावा. आता बाटलीवरची किंमत आणि वजन बघा, आणि तिच्या अर्ध्या किलोचा भाव काढा. सासूबाईंचं म्हणणं पटेल.

पण टोमॅटोचा भाव काही आपल्या हातात नाही. नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारांत आवक वाढली, की शेतकऱ्याला तोडणीचा खर्चही सुटत नाही, असं होतं. आणि जुलै २०२३ मध्ये हाच टोमॅटो कितीतरी शहरांत शंभर रुपये किलोच्या वर गेला होता. अशा दिवसांत घरी सॉस करण्याचा हट्ट धरणं म्हणजे तोटाच. तेव्हा साधा नियम असा : टोमॅटो स्वस्त तेव्हा घरी करून ठेवावा, महाग तेव्हा निवडून बाटली आणावी.

घरचा सॉस

एक किलो लालबुंद, पिकलेले टोमॅटो घ्या. लांबट, गराचे असतील तर उत्तम, लवकर आटतात. गोल, रसाळ, आंबट टोमॅटो सारासाठी राखून ठेवा. धुऊन, देठाकडचा भाग काढून, दोन तुकडे करून कुकरमध्ये घाला. अर्धी वाटी पाणी आणि दोन शिट्ट्या पुरेत. गार झाल्यावर मिक्सरमधून काढून गाळून घ्या, म्हणजे सालं सोलत बसायला नको.

जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात तीन मोठे चमचे तेल तापवा. ऑलिव्ह तेल असलं तर छानच, नाहीतर आपलं रोजचं तेल चालतं. त्यात पाच-सहा पाकळ्या लसूण बारीक चिरून घाला. लाल होऊ देऊ नका, कडू लागतो. वास सुटला की टोमॅटोचा रस ओता, चहाचा पाऊण चमचा मीठ घाला आणि मंद आचेवर पंचवीस-तीस मिनिटं आटू द्या. झाकण अर्धवट ठेवा, रस फार उडतो. सॉस चमच्याच्या पाठीला धरून राहिला आणि कडेनं तेल दिसू लागलं, की झाला.

फार आंबट वाटला, तर साखरेऐवजी एक गाजर किसून लसणाबरोबर परता. इटलीत वरून बेसिलची पानं घालतात. फालुद्यात ज्याचं बी घालतो तो सब्जा, तो त्याच जातीचा. कुंडीत लावला, तर त्याची चार पानं चालतात. अंगणातल्या तुळशीचा वास मात्र वेगळा आणि उग्र, ती नको.

अॅल्युमिनियमच्या पातेल्यात किंवा कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत हा सॉस करू नये. टोमॅटोच्या आंबटपणानं धातू उतरतो. उलट तेलात शिजवण्याचा एक फायदा असा, की टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन शिजवल्यावर आणि तेलाबरोबर अंगी जास्त लागतं. सी जीवनसत्त्व मात्र थोडं कमी होतं. म्हणून पानात काकडी-टोमॅटोची कोशिंबीर असू द्यावी.

टिकवताना जपा

मैत्रिणींनो, हा भाग कृपा करून दोनदा वाचा. घरचं म्हणजे निर्धोक, असं आपण धरून चालतो, ते इथं खरं नाही. दुकानातली बाटली न उघडता महिनोन्‌महिने बाहेर राहते, कारण कारखान्यात तिचा आंबटपणा मोजलेला असतो आणि ठरावीक उष्णता देऊन ती हवाबंद केलेली असते. आपला लसूण-तेल घातलेला सॉस बरणीत गच्च भरून कपाटात ठेवला, तर आत हवा नाही आणि आंबटपणाही कदाचित पुरेसा नाही, अशी स्थिती होते. तिथं बोट्युलिझमचे जंतू वाढू शकतात. त्यांची बीजं साध्या उकळीनं मरत नाहीत आणि त्यांच्या विषाला वास नसतो, चव नसते. हा विकार क्वचित होतो, पण झाला तर जिवावर बेततो.

म्हणून घरचा सॉस फ्रिजमध्ये तीन-चार दिवस. जास्त ठेवायचा असेल, तर बर्फाच्या ट्रेमध्ये ओतून गोठवा आणि वड्या पिशवीत भरा. बर्फाच्या कप्प्यात दोन-तीन महिने खुशाल राहतात. डब्याला चार-पाच वड्या काढल्या, की काम झालं. काचेची बरणी काठोकाठ भरून गोठवू नका, तडकते. वीज गेली तर फ्रिजचं दार उघडू नका, चारेक तास आतला गारवा पुरतो. आणि बाटली विकतची असली, तरी एकदा उघडली की ती फ्रिजमध्येच जायची, आणि लेबलावर लिहिलेल्या दिवसांत संपवायची. वर बुरशीचा ठिपका दिसला, तर तेवढा काढून खाली चांगलं आहे असं म्हणू नये. सगळी बाटली टाकावी.

मग करायचं काय?

पत्र लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणी, आता तुझ्या घराचा निवाडा. घरी सॉस करायला तासभर लागतो. त्यात तुझा हात पंधरा-वीस मिनिटंच गुंततो, बाकी वेळ गॅसचं काम. टोमॅटो स्वस्त असतील तेव्हा रविवारी दोन किलोंचा घाट घाल. पण एकटीनं नव्हे! यजमानांना तुझ्या वेळेची एवढी काळजी आहे ना, मग टोमॅटो धुणं-चिरणं त्यांच्याकडं. सासूबाईंना पातेल्याजवळ खुर्ची टाकून दे. आच किती ठेवायची आणि कधी उतरवायचं, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतंय? आपल्या हातचा सॉस नातवंडं चाटूनपुसून खाताहेत, हे पाहिल्यावर बाटलीचा विषय निघायचा नाही.

ज्या महिन्यात टोमॅटो महाग, परीक्षा तोंडावर आणि ऑफिसात हिशेबाचं वर्षअखेर, त्या महिन्यात नुसत्या टोमॅटोचा तयार रस आण आणि वर लसणाची फोडणी घरी दे. पंधरा मिनिटांत सॉस तयार, आणि मीठ तुझ्या हातात. आणि अगदीच नाही जमलं, तर पाठ वाचून निवडलेली बाटली बिनधास्त उघड. मुलांना वेळेवर गरम खाऊ घालून तू धावतपळत कामावर जातेस. त्यात आणखी मनाला लावून घ्यायला कपाटातली एक बाटली हे काही कारण नव्हे.

तुमच्याकडं सॉस टिकवण्याची आणखी काही युक्ती असेल, तर जरूर कळवा. गाळून उरलेली सालं मात्र फेकू नका. तव्यावर थोड्या तेलात तीळ आणि हिरवी मिरची घालून खरपूस परता आणि मीठ घालून वाटा. भाकरीबरोबर चटणी झकास लागते.