टवका उडाला म्हणून गिटार सोलायची नसते

गेल्या पावसाळ्यात माझ्या काळ्या, स्ट्रॅटोकास्टर धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारचा खालचा कोपरा दाराच्या चौकटीवर आदळला आणि करंगळीच्या नखाएवढा टवका उडाला. दुरुस्तीला नेली तर ऐकायला मिळालं, ‘सगळा रंग काढून नव्याने मारावा लागेल.’ मित्र म्हणाले, ‘हातच लावू नकोस, अशीच शोभते.’ मला दोन्ही सल्ले चूक वाटतात.

शोभेचा मुद्दा आधी घेतो. त्यासाठी गिटारवादक रोरी गॅलाघरच्या 1961च्या स्ट्रॅटोकास्टरचा दाखला हटकून दिला जातो. पण तिचा रंग घामाने आणि वर्षानुवर्षांच्या वाजवण्याने झिजला. झिजलेल्या रंगाची कड बोटाला जाणवत नाही. टवक्याची कड मात्र धारदार आणि सुटी असते. ती बाहीत अडकते, तिच्याखाली घाम शिरतो आणि पोपडा पुढे सरकत जातो. झीज ही वाजवण्याची खूण आहे. टवका हा अपघात आहे, तो बुजवायला हरकत कसली?

टवका बुजवल्याने आवाज बिघडेल ही भीती तर सोडूनच द्यावी. तारेची थरथर पिकअपमधलं चुंबक आणि तांब्याचं वेटोळं टिपतं. कोपऱ्यावरचा नखाएवढा रंग तिथे कुठेच येत नाही.

राहिला संपूर्ण रंगकामाचा सल्ला. आजच्या बहुतेक गिटारींवर पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनचा टणक थर असतो. तो खरवडताना लाकडाच्या कडा गोल होतात, आकार बदलतो. एका टवक्यासाठी उरलेला धडधाकट रंग का गमवायचा?

‘घरच्या हाताने बिघडेल,’ हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण त्यात तथ्य आहे. 1950-60च्या दशकांतली, मूळ रंगातली गिटार असेल तर घरी काहीही करू नये. रंगाला हात लागला की तिची किंमत उतरते. पण घरचा हात मुळातच अपात्र, हे मान्य नाही. गिटारवादक ब्रायन मेने 1963 साली वडिलांबरोबर घरीच ‘रेड स्पेशल’ घडवायला घेतली. तिची मान जुन्या शेकोटीच्या महोगनीतून कोरली. त्याच्या क्वीन या बँडच्या मैफलींत जगभर वाजली ती हीच गिटार. बिघाड होतो तो घाईमुळे आणि रंग न ओळखल्यामुळे.

म्हणून आधी रंग ओळखा. पिकगार्ड काढून त्याखालच्या झाकल्या जागी अ‍ॅसिटोनचा एक बोळा टेकवा. थर चिकट झाला तर तो नायट्रोसेल्युलोज, म्हणजे आपले पॉलिशवाले ज्याला एनसी लॅकर म्हणतात त्याच जातीचा. थर ढिम्म राहिला तर बहुधा पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेन. नायट्रोवर नायट्रोचाच थेंब सोडावा. तो जुन्या थरात विरघळून एकजीव होतो. मात्र आटत जातो, म्हणून काही आठवडे थांबावं लागतं, आणि पावसाळी हवेत तो दुधी पडतो. पॉलिएस्टर किंवा पॉलियुरेथेनला असा विरघळून सांधा होत नाही. तिथे कामी येतो तो पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे फेविक्विकच्या जातीचा गोंद. तो हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. भर जुलैतही माझं काम अडलं नाही ते यामुळेच.

मी सुटे पोपडे काढले, जागा पुसली, उघड्या लाकडावर काळ्या रंगाचा ठिपका दिला आणि तो पूर्ण वाळू दिला. मग टूथपिकच्या टोकाने गोंदाचे थेंब, एकावर एक, आजूबाजूच्या पातळीपेक्षा किंचित वर येईपर्यंत. एक दिवस थांबलो. नंतर ब्लेडच्या दोन्ही टोकांना सेलोटेपचा एकेक वेढा दिला. उघडा राहिलेला मधला भाग तेवढा उंचवटा खरवडतो, शेजारच्या रंगाला टेप सांभाळते. पुढे खोडरबराला गुंडाळलेला 1000, 1500 आणि 2000 नंबरचा वॉटर पेपर, साबणाच्या पाण्याचे दोन थेंब आणि शेवटी रबिंग कंपाउंड. पाणी स्क्रूच्या भोकांत जाऊ देऊ नये, लाकूड फुगतं.

काळा रंग सोपा. मेटॅलिक किंवा सनबर्स्टवर डाग थोडा दिसणारच, आणि तो स्वीकारावा. गोंद सांडला तर कापसाने टिपू नका. कापसाशी त्याची प्रक्रिया होऊन चटका बसेल इतकी उष्णता निघते. अ‍ॅसिटोन आणि थिनर गॅसच्या शेगडीपासून, देवघरातल्या समईपासून लांब ठेवा. खिडकी उघडी, तोंडावर मास्क.

माझ्या कोपऱ्यावर तिरप्या उजेडात अजून एक पुसट वर्तुळ दिसतं. बोटाला काहीही लागत नाही. तुमच्या गिटारला टवका उडाला असेल तर रंगकामाला पैसे मोजण्याआधी तेवढं पिकगार्ड उघडून पाहा.