नेवाशाला चौदा रविवार द्या

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळ,
वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन,
कूपरेज, मुंबई.



मी नेवासा तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत खेळ शिकवतो. आमचा तालुका लोकांना माहीत आहे तो ज्ञानेश्वरीच्या पैस खांबामुळे, शनिशिंगणापूरमुळे आणि सोनई-भेंड्याच्या साखर कारखान्यांमुळे. फुटबॉलसाठी तो कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. तरीही हे पत्र फुटबॉलबद्दलच आहे आणि मागणी सुरुवातीलाच सांगतो. आम्हाला तेरा वर्षांखालच्या मुलामुलींची तालुका साखळी स्पर्धा हवी आहे. आठ गावांचे आठ संघ, प्रत्येक संघ दुसऱ्याशी दोनदा खेळेल, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला चौदा सामने. रविवारी चार सामने धरले तर चौदा रविवारांत छप्पन सामने होतात. स्टेडियम, परदेशी प्रशिक्षक, मुंबईची सहल यांतलं काहीही आम्ही मागत नाही.

ही मागणी तुमच्याकडेच का, याचं उत्तर तुमच्याच इतिहासात आहे.

मुंबईच्या फुटबॉलचा विषय निघाला की रोव्हर्स करंडकाची आठवण निघतेच. 1891 मध्ये सुरू झालेली ती स्पर्धा. 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं ती हैदराबाद पोलिसांच्या संघानं जिंकली, आणि शतक ओलांडून ती 2000-01 च्या हंगामानंतर बंद पडली. मुंबईत ती जगली ती प्रेक्षकांच्या जोरावर, पण मुंबईचा खेळाडू तिच्यात घडला नाही. तो घडला हारवुड लीगमध्ये. कूपरेजला, क्रॉस मैदानावर, आझाद मैदानाच्या चिखलात गिरण्यांचे, बँकांचे, रेल्वेचे, तेल कंपन्यांचे संघ आठवड्यामागून आठवडे एकमेकांशी खेळत राहिले. टाटा, मफतलाल, ऑर्के, सेंट्रल रेल्वे ही नावं तेव्हाच्या मुंबईकराच्या तोंडी होती. नेव्हिल डिसूझा याच मुंबईत कॅल्टेक्सकडून खेळायचा. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यानं यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले, भारतानं तो सामना 4-2 असा जिंकला आणि ऑलिंपिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई ठरला. असा माणूस आभाळातून पडत नाही. त्याच्यामागे शेकडो साधे, कुणी न पाहिलेले लीगचे सामने असतात.

त्या लीगला आणखी एक आधार होता, नोकरीचा. कंपनी खेळाडूला कामावर घ्यायची आणि सरावाला सोडायची. संध्याकाळी मैदान आणि महिनाअखेर पगार, ही गाठ सुटली तशी मुंबईही हलली. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. 2007 मध्ये उभा राहिलेला मुंबई एफसी दहा वर्षांत आय-लीगमधून खाली गेला आणि नंतर संपला. मुंबई सिटीनं दोन वेळा आयएसएलचा करंडक उचलला हे खरं. 11 एप्रिल 2022 रोजी रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 असं हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब झाला. त्यातला विजयी गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा होता, हे मी वर्गात आवर्जून सांगतो. पण आयएसएलचासुद्धा 2025-26 चा हंगाम करारांच्या गुंत्यात वेळेवर सुरू होऊ शकला नाही. शिखर डळमळलं की खालचा पाया किती रुंद आहे हे दिसतं. महाराष्ट्रात हा पाया मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर या ठिकाणांच्या फार बाहेर गेलेला नाही.

आता आमच्याकडची गोष्ट.

15 सप्टेंबर 2017 हा दिवस आम्ही विसरलेलो नाही. सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात व्हायचा होता आणि त्याआधी राज्यभरातल्या शाळांत एकाच दिवशी फुटबॉल खेळायचा असं सरकारनं ठरवलं. चेंडू आले. ज्या मुलींनी कधी चेंडूला पाय लावला नव्हता त्या धावल्या, गुरुजी-बाई धावले, सरपंचांनी पहिली किक मारली. मला त्या दिवसाबद्दल कृतज्ञताच वाटते. त्या एका दिवसानं जे केलं ते आम्हा क्रीडाशिक्षकांना कित्येक वर्षांत जमलं नव्हतं. पण पुढच्या आठवड्यात पोरांनी विचारलं, ‘सर, आता मॅच कुणाबरोबर?’ त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मैदानाच्या कडेच्या वेड्या बाभळीच्या काट्यांनी एकेक चेंडू बसवला. सामना असता तर पोरांनी ब्लॅडर बदलून आणलं असतं, वर्गणी काढली असती. ज्याला रविवारी खेळायचं असतं तो शनिवारी चेंडू नीट ठेवतो.

14 डिसेंबर 2025 रोजी मेस्सी वानखेडेवर आला. राज्य सरकारच्या ‘महादेवा’ प्रकल्पात निवडलेली तेरा वर्षांखालची मुलंमुली त्याच्याबरोबर मैदानात उतरली. आमच्या वर्गात ते सगळं मोबाइलवर पुन:पुन्हा बघितलं गेलं. तीस मुलगे आणि तीस मुली अशा साठ जणांना पाच वर्षं शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण मिळणार आहे. या प्रकल्पात तुमची संस्था सहभागी आहे आणि त्याबद्दल तुमचं मनापासून अभिनंदन. ज्या घरांतून ती पोरं आली त्यांचं आयुष्य बदलेल. तरीही हिशेब मांडल्याशिवाय राहवत नाही. राज्यात 36 जिल्हे आहेत, म्हणजे साठ मुलं जिल्ह्यामागे दोनसुद्धा भरत नाहीत. आणि निवड होते ती चाचणीच्या दिवशी. बारा वर्षांचं पोर त्या दिवशी तापानं फणफणलेलं असू शकतं. कधी ते बुजतं, कधी त्याची एसटी चुकते. चौदा सामने खेळलेलं पोर निवडणाऱ्याला चौदा वेळा दिसतं. महादेवा प्रकल्पालाही आमच्या साखळीची गरज आहे, असं मला वाटतं.

सध्या आमच्या शाळांना उपलब्ध असलेला रस्ता म्हणजे शालेय स्पर्धा, सुब्रतो करंडक. आधी तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. ही सगळी वाट बाद पद्धतीची. हरला तो घरी. नवखी शाळा बहुतेक वेळा पहिलाच सामना हरते, म्हणजे तिच्या मुलांचं वर्षभराचं स्पर्धात्मक फुटबॉल तासाभरात संपतं. चुकलेला पास पुढच्या आठवड्यात दुरुस्त करायची संधीच नाही. शहरातल्या मुलाची परिस्थिती पाहा. मुंबई स्कूल्स स्पोर्ट्स असोसिएशन ही 1893 पासूनची संस्था शाळांना वेगवेगळ्या डिव्हिजनमध्ये खेळवते. शिवाय क्लबच्या लीग आहेत, टर्फ आहेत. मुंबईच्या मुलाकडे गुण जास्त आहेत असं मी मानत नाही. त्याच्याकडे सामने जास्त आहेत. सगळा फरक तिथे पडतो.

‘ग्रामीण भागात फुटबॉल रुजत नाही, तिथली माती कुस्ती-कबड्डीची’ असं कुणी म्हणालं तर मी कोल्हापूरकडे बोट दाखवतो. तिथे फुटबॉल तालमीतूनच वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही तालमींची नावं आणि तीच फुटबॉल संघांची. 1940 मध्ये स्थापन झालेल्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची लीग शाहू स्टेडियमवर होते आणि पेठाच्या पेठा लोटतात. 2017 च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. कोल्हापूर काही महानगर नाही. तिथे राजघराण्याचा आश्रय होता, हे मान्य. पण आश्रयानं पहिला सामना होतो. ऐंशी वर्षं चालतं ते वेळापत्रकावर. तालीम आमच्याकडेही आहे, गणेश मंडळं आहेत, गावागावांतली ईर्ष्या तर विचारूच नका. कुकाणा, सोनई, घोडेगाव, चांदा, भेंडे, सलाबतपूर, प्रवरासंगम आणि नेवासा शहर अशी आठ नावं कागदावर लिहा. सोनई विरुद्ध घोडेगाव सामना लावला तर प्रेक्षकांसाठी जाहिरात करावी लागणार नाही.

तपशिलात जातो, कारण खरी अडचण तिथेच असते.

मुंबईचं फुटबॉल पावसात चालतं. आमची जमीन काळी, भारी. पाऊस पडला की चिखल बुटाला असा धरतो की पाय उचलत नाही, आणि उन्हाळ्यात त्याच जमिनीला घोटा अडकेल अशा भेगा पडतात. मुरमाड मैदानं थोड्या गावांत आहेत. म्हणून आमचा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असला पाहिजे. पूर्ण मैदानाला पावणेदोन एकर जागा लागते, ती प्रत्येक गावात मिळणार नाही. सात-सात जणांच्या सामन्याला अर्धा एकर पुरतो, तेवढं शाळेचं पटांगण बहुतेक गावांत आहे. तेरा वर्षांखालच्या पोरांना तसाही लहान मैदानावर चेंडू जास्त वेळा मिळतो.

हाच काळ उसाच्या गळिताचा. मुळा आणि ज्ञानेश्वर या दोन्ही कारखान्यांच्या परिसरात बीड, पाथर्डी भागातून ऊसतोड कुटुंबं येतात, कोप्या पडतात आणि त्यांच्याबरोबर पोरंही येतात. पहाटे आईबाप फडात गेले की ती दिवसभर तळावर असतात. यांतली काही पोरं काय पळतात, हे मी पाहिलं आहे. तुमच्या नोंदणीच्या नियमांत शाळेचा दाखला, रहिवासाचा पुरावा, मुदत या गोष्टी येतात आणि नेमकी हीच पोरं बाहेर राहतात. माझी विनंती आहे की आमच्या साखळीत हंगाम सुरू झाल्यावरही नाव नोंदवता यावं आणि त्या पोराचं मूळ गाव कोणतं हे विचारलं जाऊ नये. जिथे ते चार महिने राहतं, तो त्याचा संघ. नागपूरला विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांसाठी नेमकं हेच केलं. पोरं जिथे होती तिथे खेळ नेला. नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मुळे ते काम घराघरांत पोचलं.

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं. तेरा वर्षांखालच्या गटात मुलंमुली एकाच संघात खेळू द्यावीत आणि प्रत्येक संघात मैदानावर किमान दोन मुली असाव्यात. स्वतंत्र मुलींची स्पर्धा जाहीर केली तर पहिल्या वर्षी आठ संघ उभे राहणार नाहीत आणि मग ‘प्रतिसाद नाही’ असा शेरा पडेल. आमच्या खो-खोच्या मुली वळण्यात आणि झेपावण्यात मुलांना भारी आहेत. ट्रॅक पँट घालून खेळायची मुभा असू द्या, म्हणजे घरचा निम्मा विरोध तिथेच मावळतो. उरलेला विरोध आम्ही घरोघर जाऊन काढू, ते काम आमचं.

‘खेळून पुढं काय?’ हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. गिरण्यांच्या आणि बँकांच्या संघांनी एकेकाळी त्याला उत्तर दिलं होतं. आता आम्ही दहावीच्या वाढीव क्रीडागुणांचं आणि सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचं सांगतो, पण त्याचा लाभ वरच्या स्तरापर्यंत पोचणाऱ्यालाच. तालुक्यात साखळी असेल तर पंच लागतील, प्रशिक्षक लागतील. गावात डी.एड., बी.पी.एड. करून बसलेली कितीतरी तरुण मंडळी आहेत. त्यांना शिट्टी आणि सामन्याचं ठरलेलं मानधन मिळालं, तर फुटबॉलमधून चार पैसे येतात हे गाव पहिल्यांदा डोळ्यांनी पाहील.

तुमच्याकडून हवं ते एवढंच. पंचांचा एक अभ्यासक्रम आणि डी-लायसन्सचा एक वर्ग मुंबई-पुण्याऐवजी नेवाशात किंवा फार तर नगरला घ्या. पाच-सहा दिवस मुंबईत राहणं आमच्या मानधनावरच्या शिक्षकाला परवडत नाही. आठ संघांची नोंदणी पहिली तीन वर्षं विनाशुल्क करा. साखळीला तुमची अधिकृत मान्यता द्या, म्हणजे गुणतक्ता तुमच्या दप्तरी राहील आणि आमच्या पोरांच्या सामन्यांना हिशेबात जागा मिळेल. तीन वर्षांचं म्हणतोय, कारण एका वर्षाचे उपक्रम आम्ही पुष्कळ पाहिले. मैदान आखणं, गोलचे खांब, पाणी, जाण्यायेण्याची जीप हे गावं करतील. यात्रेला आणि सप्ताहाला वर्गणी काढणारी ही गावं आहेत. पोरांच्या सामन्याला ती मागे हटणार नाहीत.

1911 पासून तुमच्या संस्थेनं या राज्याचं फुटबॉल सांभाळलं आहे. कूपरेजला पिढ्यान् पिढ्या जे वेळापत्रक भिंतीवर लागत आलं, तसंच एक वेळापत्रक आमच्या पंचायत समितीच्या फलकावर लागावं. अभ्यासक्रम दिवाळीच्या सुट्टीत ठेवला तर शाळा बुडणार नाही आणि पहिला सामना नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी घेता येईल. तुमच्या निरीक्षकांनी त्याआधी एकदा येऊन मैदानं पाहावीत. आठही गावांच्या मुख्याध्यापकांची आणि क्रीडाशिक्षकांची बैठक आम्ही लावून ठेवू, दिवस तुम्ही कळवा.

आपला विश्वासू,
नेवासा तालुक्यातील एक क्रीडाशिक्षक