देवी पिकांची, ऐरण नवऱ्याची

इंग्रज लेखक टोल्किन यांच्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये (१९७७) यावान्ना ही पिकापाण्याची, झाडाझुडपांची देवी. हत्यारं, कारागिरी मात्र तिचा नवरा औले याच्याकडे. त्याने घडवलेले बुटके आपली झाडं तोडतील, ही तिची धास्ती. त्यांना लाकूड लागणारच, एवढं बोलून तो पुन्हा ऐरणीकडे वळतो!

‘द टू टॉवर्स’मध्ये (१९५४) वृक्षरूपी एंट जमातीच्या बायका माणसांना शेती शिकवतात, मोठा मान मिळवतात. युद्धात त्यांची जमीन जळते, त्यांचा पत्ता लागत नाही. तीही हकिगत सांगतो एक पुरुषच.

आपण तरी काय वेगळं करतो? गौरी थाटात बसवणाऱ्या घरात बियाणं राखणाऱ्या सुनेचं नाव सातबाऱ्यावर चढवा म्हणून बघा. सासऱ्यापासून दिरापर्यंत सगळे गप्प!