नाचघर आणि न्यायासन

पुढें जावयाचें असेल तर पाश्चात्यांची राहणी पत्करलीच पाहिजे, असें म्हणणारा एक पक्ष आपल्या देशांत आहे. आणि ती राहणी नको असेल तर त्यांच्या विद्येसही दूर ठेवा, असें म्हणणारा दुसरा. दोघांचें भांडण मोठें, पण दोघांचें गृहीत एकच: विद्या व राहणी यांची गांठ सुटावयाची नाहीं. याचा निवाडा नुसत्या तर्कानें करीत बसण्यापेक्षां जपानचा दाखला पाहावा. आणि आम्ही वकिलीच्या धंद्यांतले असल्यामुळें दाखला कायद्याचाच घेतों.

1858 सालच्या तहांन्वयें जपानांत राहणाऱ्या पाश्चात्यांवर जपानी न्यायाधीशाचा अधिकार चालत नसे. त्यांच्यावरील खटले त्यांचेच कॉन्सल चालवीत. ही मानहानि दूर करण्याकरितां जपाननें दोन वाटा चोखाळून पाहिल्या. पहिली नाचाची! 1883 सालीं टोकियोंत रोकुमेइकान नांवाचें आलिशान गृह एका इंग्रज स्थापत्यविशारदाकडून बांधविलें, आणि तेथें बडे मुत्सद्दी व त्यांच्या स्त्रिया युरोपीय पोशाखांत परकीय पाहुण्यांबरोबर नाचूं लागल्या. पाहुण्यांनीं मेजवान्या झोडल्या. तह मात्र होते तसेच राहिले. जपानी न्यायासनावर परकीय न्यायाधीश बसविण्याची परराष्ट्रमंत्री इनोउए काओरू यांची योजना लोकक्षोभानें उधळली गेली, व 1887 सालीं त्यांस अधिकार सोडावा लागला.

दुसरी वाट कष्टाची होती. मुख्यतः बुआसोनाद या फ्रेंच पंडितानें रचलेली दिवाणी संहिता 1890 सालीं जाहीर झाली. ती जपानी कुटुंबरीतीस जुळत नाहीं म्हणून रणें माजलीं आणि 1892 सालीं ती तहकूब झाली. मग होझुमी, उमे व तोमिई या युरोपांत शिकून आलेल्या तिघां जपानी कायदेपंडितांनीं जर्मन मसुद्याचा पुष्कळ आधार घेऊन नवी संहिता रचली. ती 1898 सालीं पूर्णपणें अंमलांत आली. इंग्लंडनें 1894 सालींच नवा तह केला होता. 1899 सालीं कॉन्सलांचीं कोर्टें उठलीं. विद्या फ्रेंच व जर्मन, भाषा जपानी! येथें एक गोष्ट झांकून ठेवणें अप्रामाणिकपणाचें होईल. त्याच संहितेनें विवाहित स्त्रीस महत्त्वाच्या व्यवहारांत पतीच्या संमतीचें बंधन घातलें, व तें कुटुंबप्रकरण 1947 सालीं बदलावें लागलें. तेव्हां ‘आपलें’ म्हणून तें न्याय्य, असें समजणाऱ्या आमच्या सनातनी मित्रांनीं फार हुरळून जाऊं नये.

आतां घरचें पाहूं. 1 जुलै 2024 पासून 1860 ची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली. नांव स्वदेशी झालें, खुनाचें 302 कलम 103 झालें. परंतु संविधानाच्या 348 व्या कलमान्वयें अधिकृत पाठ इंग्रजीच, आणि मुंबईच्या उच्च न्यायालयाचें कामही इंग्रजींतच. खालच्या न्यायालयांची भाषा मराठी असावी, अशी अधिसूचना 1998 सालची आहे. तरीही इंग्रजी निकालपत्र हातांत धरून, “वकीलसाहेब, मी जिंकलों कीं हरलों?” असें विचारणारा शेतकरी आम्हीं स्वतः पाहिला आहे. इकडे वैशाखाच्या उन्हांत विलायती थंडीला साजेसा काळा कोट आणि वर झगा चढवून आम्ही उच्च न्यायालयांत उभे! खालच्या कोर्टांत उन्हाळ्यापुरती कोटाची सूट आहे, एवढीच काय ती सुधारणा. हीं आमचीं नाचघरें होत. साक्षीपुराव्याची चिकित्सा व कायद्यापुढील समता हीं पाश्चात्यांकडून घेतलीं, तीं ठेवावीं. त्यांवांचून शूद्राची व ब्राह्मणाची साक्ष एका पारड्यांत पडली नसती.

दिनांक 3 ऑक्टोबर 2024 रोजीं केंद्र सरकारनें मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. सत्कारसमारंभ यथासांग झाले. आमची मागणी लहान आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांतील प्रत्येक निकालाची मराठी प्रत, ज्याचें शेत किंवा घर त्या निकालानें जातें किंवा राहतें त्याच्या हातीं, अपिलाची मुदत सुरू होण्यापूर्वीं पडली पाहिजे.