केर काढणारे यंत्र आणि केर भरणारे हात

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आमच्या अमरावतीच्या घरात केर काढणारे आणि फरशी पुसणारे यंत्र आले. घरात दोन मुले, एक मांजर, आणि मुलांनी पावसाळ्यात रस्त्यावरून उचलून आणलेले कुत्र्याचे एक पिल्लू. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी प्रथेप्रमाणे नवी केरसुणी पाटावर ठेवून तिला हळदकुंकू वाहिले, तेव्हा धाकटीने विचारले, "याला पण वाहायचं का?" मोठी माणसे हसली. आम्हांस मात्र तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा वाटला नाही. केरसुणीला आपण लक्ष्मी म्हणतो, पण ती वर्षभर ज्या हातांत असते त्या हातांना काय म्हणतो, हा त्या प्रश्नाच्या पोटातला प्रश्न होता.

आधी यंत्राला न्याय देऊ. थाळीएवढ्या आकाराची ही चकती प्रथम घरभर फिरून खोल्यांचा नकाशा मनाशी बांधते. कडेचा छोटा कुंचा धूळ मधोमध ढकलतो, पोटाखालचे फिरते रूळ ती उचलते, पंखा ती आत ओढतो, आणि मागे लावलेले ओले फडके फरशीवरून सरकत जाते. पलंगाखाली, जिथे आमच्या पिढीचे गुडघे आता पोचत नाहीत, तिथे ती निमूटपणे जाऊन येते. मे महिन्यात आमच्याकडे कूलर दिवसरात्र चालतो, खिडकी धड मिटत नाही, आणि सकाळी झाडलेल्या फरशीवर दुपारी बोटाने नाव लिहिता येते. अशा दिवसांत दोनदा केर काढणारे कोणी घरात असणे हे लहान सुख नव्हे. मांजराचे केस तर झाडूने उडतात आणि पुन्हा तिथेच बसतात, ते हे यंत्र खरोखरच गोळा करते.

परंतु या यंत्राची घडण आमच्या वऱ्हाडातल्या फरशीसाठी झालेली नाही, हे पहिल्या पावसातच कळले. काळी माती ही नुसती धूळ नव्हे. पाणी पिऊन फुगणारी, चपलेला थरावर थर धरणारी ही माती मुलांच्या पायांनी घरात आली की ओले फडके ती पुसत नाही, सारवते. एका खोलीतला चिखल शिस्तबद्ध पट्ट्यांनी तिन्ही खोल्यांत पोचला. उंबरठ्याशी यंत्र अडखळते, कूलरच्या वायरीत गुंतते, चटईची दशी गिळते. देवघरापुढची रांगोळी त्याला केरच वाटते. तिच्या मोत्यांच्या माळेचे मणी, चिंचोके आणि लेकीच्या वेणीतले केस रुळाभोवती असे आवळले जातात, की आठवड्यातून एकदा कात्री घेऊन बसावे लागते.

आणि मग ती सकाळ. पिल्लाने रात्री बैठकीत घाण केली होती, आणि यंत्राला पहाटे पाचची वेळ लावलेली होती. पुढचे वर्णन आम्ही करीत नाही. एवढेच सांगतो, की ही केवळ आमच्या घरची शोभा नव्हे. 'रूम्बा' हे यंत्र अमेरिकेत २००२ साली बाजारात आले. अशाच एका घरच्या अशाच एका पहाटेची कथा २०१६ साली जगभर हसत हसत वाचली गेली, आणि २०२१ साली त्याच कंपनीने पाळीव प्राण्यांची घाण ओळखून टाळणारे यंत्र आणल्याचे जाहीर केले. टाळणारे, उचलणारे नव्हे. यंत्राची बुद्धी वाढली म्हणजे ते घाणीला वळसा घालून जाऊ लागले. ती उचलायची कोणी, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला. पाळीव प्राणी आणि रांगती मुले असलेल्या घरात दुसरेही भान लागते. आपल्याकडे फरशी पुसायच्या पाण्यात फिनाईल ओतायची सवय असते. त्यातील फिनॉलवर्गीय द्रव्ये मांजराचे यकृत पचवू शकत नाही, आणि मांजर तर पंजे चाटून स्वच्छ ठेवणारा प्राणी. यंत्राच्या टाकीत साधे पाणी असावे, हे समजायला यंत्राची बुद्धी पुरत नाही, घरातल्या माणसाची लागते.

मराठी भाषेने हा भेद फार पूर्वीच केलेला आहे. केर 'काढणे' वेगळे आणि केर 'भरणे' वेगळे. काढणे म्हणजे एका जागी लोटणे. भरणे म्हणजे वाकून तो सुपलीत घेणे आणि घराबाहेर नेणे. काढणाऱ्याच्या हाती निदान केरसुणी असते. भरणाऱ्याचा हात प्रत्यक्ष केराला लागतो. म्हणूनच जनाबाईच्या नावावरील अभंगांत विठ्ठल तिच्या कामाला येतो, तेव्हा तो कोणते काम करतो हे पाहण्यासारखे आहे. तो दळू लागतो, शेणी वेचतो, आणि तिने झाडलेला केर उचलून नेतो. परक्या घरी राबणाऱ्या बाईने पाहिलेले हे स्वप्न आहे, आणि आपल्या साहित्यात घरकामाच्या मदतनिसाचे इतके जुने स्वप्न क्वचितच दुसरे असेल. पण त्या स्वप्नातून जनी नाहीशी होत नाही. देव तिच्या जागी येत नाही, तिच्या शेजारी येतो, आणि कामाचा अधिक हलका समजला गेलेला वाटा आपण होऊन घेतो. आमच्या यंत्राने केले ते नेमके उलट. त्याने झाडणे घेतले आणि भरणे आमच्यासाठी ठेवले.

हे अमरावतीत बसून लिहिताना एका माणसाचे नाव टाळता येणार नाही. जिल्ह्यातल्या शेंडगावी २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी झिंगराजी जाणोरकर मामाच्या गावी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात, गुरे राखीत वाढला. १९०५ साली त्याने घर सोडले आणि हाती खराटा घेतला. गाडगेबाबा गावात शिरत ते झाडीत शिरत. गाव झाडून झाल्यावर भाकरी मागत, आणि रात्री वऱ्हाडी बोलीतल्या कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारीत. पंढरपुरात त्यांनी बांधलेल्या धर्मशाळेला चोखामेळ्याचे नाव आहे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर वलगावजवळ त्यांचा देह पडला. आमच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे, आणि राज्य शासनाची २०००-०१ साली सुरू झालेली ग्रामस्वच्छतेची मोहीमही त्यांच्याच नावाने चालत आली. शाळेतला प्रत्येक मुलगा त्यांच्यावर निबंध लिहितो, आणि त्या निबंधात ते 'स्वच्छतेचे पुजारी' असतात.

आमचा आक्षेप या शब्दप्रयोगाला आहे. बाबांना केवळ स्वच्छ रस्ता हवा असता, तर आज त्यांच्या जागी एक यंत्र पुरले असते. त्यांच्या खराट्याचा अर्थ रस्त्यावर नव्हता, तो कोणाच्या हातात आहे यात होता. ज्या समाजाने झाडणे हे काही जातींच्या आणि सर्व जातींतल्या बायकांच्या कपाळी लिहून ठेवले, त्या समाजापुढे एक संत सकाळच्या उजेडात, सगळ्यांच्या देखत, कोणी सांगितले नसताना झाडत होता. त्यांना पाहून गावकरी ओशाळून खराटा शोधीत. ते ओशाळणे हाच त्यांच्या कामाचा गाभा होता. यंत्रापुढे कोणी ओशाळत नाही.

इथे आमचाच एक प्रतिवाद आम्हांस मांडला पाहिजे. आमची थोरली बहीण अकोल्यास असते. तिच्याकडे जाताना गाडी मूर्तिजापुरावरून जाते आणि दर खेपेस आम्हांला दापुरा आठवतो. पण हे सारे तिला ऐकवले, तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही पुरुष खराट्यावर लिहा. मी चाळीस वर्षं झाडून काढली, आता माझी कंबर मला लिहू देत नाही." या वाक्याला उत्तर नाही, आणि असू नये. वाकून झाडण्यात अंगभूत असे काही पावित्र्य नाही. पावित्र्याची ही भाषा बहुधा न झाडणाऱ्यांनी घडवलेली आहे. बहिणीने यंत्र घेतले, आणि तिने ते घेतले याचा आम्हांस आनंद आहे.

मात्र तिच्या घरी झाडूपोछ्याला येणाऱ्या बाईंनी यंत्राकडे पाहून जे म्हटले, तेही इथे नोंदवायला हवे. "मशीन फिरते त ठीक हाये ताई, पन कोपऱ्यातलं कोन काढते?" कोपऱ्यातले अजून त्याच काढतात. भीती अशी, की उद्या त्यांचे काम उरेल आणि पगार कोपऱ्याएवढा होईल. बहिणीने पगार तोच ठेवला. पण हे बहिणीचे सौजन्य झाले, व्यवस्था नव्हे.

शिवाय हात नाहीसे झाले असे जे आपण मानतो, ते तरी कितपत खरे? डिसेंबर २०२२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या नियतकालिकाने एक वृत्तान्त छापला. २०२० साली चाचणीसाठी घरांत फिरणाऱ्या यंत्रांनी टिपलेली छायाचित्रे समाजमाध्यमांवर पोचली होती. त्यांत शौचालयात बसलेली एक स्त्री होती, जमिनीवर पहुडलेले एक लहान मूल होते. ही चाचणीची यंत्रे असून ती वापरणाऱ्यांनी संमती दिली होती, असे कंपनीचे म्हणणे होते. ते असो. आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच गोष्टीने. यंत्राला 'हे टेबल, हे मांजर, ही वायर' हे शिकवण्यासाठी अशा हजारो चित्रांवर खुणा करीत व्हेनेझुएलासारख्या देशांत थोड्या मोबदल्यावर माणसे बसलेली होती. म्हणजे आपल्या बैठकीचा केर कोणीतरी दूरदेशी, आपल्याला न दिसता, नजरेने वेचतच होते. मोलकरीण निदान दारातून आत येते, तिच्याशी दोन शब्द बोलावे लागतात, दिवाळीला तिच्या डोळ्यांस डोळा भिडवावा लागतो. या नव्या मोलकऱ्यांचे तेवढेही ऋण आपल्यावर नाही.

आणि यंत्र आधी कुठे पोचले, हेही पाहावे. हाताने मैला उचलायला लावण्यास मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला. गटारात माणसाऐवजी उतरणारे 'बँडिकूट' हे यंत्र २०१८ साली तिरुवनंतपुरमात कामाला लागले. त्यानंतरही देशात माणसे गटारात उतरून मेली आहेत. जिथे यंत्राची खरी गरज, तिथे ते रेंगाळत पोचते. जिथे नुसते वाकायचे असते, तिथे ते घरपोच येते.

तेव्हा यंत्र घ्यावे की न घ्यावे, हा आमचा वाद नाही. घ्यावे. ज्याची कंबर धरली आहे त्याने अवश्य घ्यावे. वाद एवढाच, की केराचा प्रश्न सुटला असे म्हणू नये, आणि विशेषतः मुलांना तसे वाटू देऊ नये. आपण फेकलेले आपोआप नाहीसे होते, असे समजत वाढलेले मूल पुढे जनाबाईचा अभंग परीक्षेपुरता पाठ करील. त्यात देवाने केर उचलण्यात एवढे काय, हे त्याला कळणार नाही.

आमच्या घरी आता यंत्राला पहाटेची वेळ नाही. मुले शाळेतून आल्यावर आधी जमिनीवरचे आपापले उचलतात. पिल्लू ज्याने आणले, त्याची घाण त्यानेच काढायची, हा नियम रडारडीनंतर मान्य झाला. मग यंत्र फिरते. त्याच्या पोटातला केराचा डबा धाकटी दोन्ही हातांनी धरून खालच्या पेटीपर्यंत नेते, नाक मुरडते, आणि परत येऊन हात धुते. दिवाळीच्या तिच्या प्रश्नाला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. तिचे हात बरबटलेले पाहतो, तेव्हा हळदकुंकू कुणाला वाहायचे ते तिला हळूहळू आपणच कळेल, असे वाटते.